अवघड जागेची जखम

संध्याकाळी सहाच्या सुमारास पहिल्या पाळीची माणसं आंघोळ-चहा उरकून खोलीबाहेर पडलेली असतात. दवाखान्याच्या बाकावर सात-आठ जण बसलेले असतात. त्यात कधीकधी एखादा असा असतो, की त्याचा नंबर आला तरी पुढच्याला जाऊ देतो. "तुम्ही व्हा पुढं, मला घाई नाही." बाकाच्या कडेला, एका मांडीवर भार देऊन तो बसलेला असतो. शेवटचा माणूस गेला की आत येतो, दार लोटून घेतो आणि म्हणतो, "डॉक्टर, जरा अंगात कणकण आहे." थर्मामीटरात ताप नसतो. मी गप्प राहतो. मग जमिनीकडे बघत तो म्हणतो, "आणि जरा खाली लागलंय."

'खाली लागलंय' एवढं म्हणायला त्या माणसाला कधी सहा तास लागलेले असतात, कधी दोन दिवस. ही पुस्तिका त्या वेळेबद्दल आहे.

यातला एक मुलगा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. वय तेवीसच्या आसपास, मराठवाड्यातून आलेला, फॅब्रिकेशनच्या कामावर. रात्रपाळीत उकिडवं बसून, दोन्ही गुडघ्यांत पत्रा धरून तो अँगल ग्राइंडरनं कडा मारत होता. चकती पत्र्यात अडकली, मशीन उलटून मांडीत आलं. पँट फाटली आणि अंडकोशाची कातडी उघडली. त्यानं कुणाला सांगितलं नाही. बनियनची घडी करून आत दाबली, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली आणि पाळी संपेपर्यंत उभं राहून काम केलं. माझ्याकडे आला तेव्हा अठरा तास झाले होते. ती पट्टी मी कात्रीनं कापली, तेव्हा जखम तीन इंचांच्या आतली निघाली. वृषण शाबूत होतं. पण पट्टीखालची कातडी निळसर झाली होती आणि सूज मुठीएवढी. त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागलं. तिथं मेलेली कातडी काढून, आत साठलेलं रक्त वाहून जायला नळी ठेवून टाके घातले. रात्रीच आला असता तर जखम धुऊन, जागा बधिर करून टाके घालण्याचं काम अर्ध्या-पाऊण तासात झालं असतं. त्याचे तीन आठवडे गेले. रजेच्या अर्जावर त्यानं कारण लिहिलं होतं: ताप.

'अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर' ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. निघोज्यात जावई नसतो. इथं खोलीतले पाच साथीदार असतात, लाइनवरचा सुपरवायझर असतो, ड्रेसिंगला बसलेल्या सिस्टर असतात, आणि घर चारशे किलोमीटरवर असतं. खेड तालुक्यातलं, इंद्रायणीकाठचं हे गाव. नदी देहूहून आळंदीकडे जाते, तिच्या वाटेवरचं. चाकणची एमआयडीसी इथवर पसरली, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, महिंद्राचा आला, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी लहानमोठी शेडं गावच्या शिवारात उभी राहिली. जिथं कांदा-ज्वारी होती तिथं आता भाड्याच्या खोल्यांच्या चाळी आहेत. विदर्भ-मराठवाड्याची, बिहार-ओडिशाची तरुण मुलं त्यांत राहतात. बहुतेक सगळे पुरुष, बहुतेक एकटे. पुरुषांची एवढी दाट वस्ती असलेल्या या पट्ट्यात पुरुषाच्या शरीराच्या या भागाबद्दल मोकळेपणानं बोलायला एकही जागा नाही, हे मला फार खटकतं.

ही जखम वाटते तितकी दुर्मीळ नाही. ग्राइंडरचं वर आलंच. पत्र्याची धार, सुटलेली पट्टी, कंपाउंडच्या काटेरी तारेवरून मारलेली उडी ही कारणं कारखान्याच्या बाजूची. शेतीच्या बाजूला कडबाकुट्टी, मळणीयंत्र, पंपाचा पट्टा. फिरत्या दांड्यात धोतर, लुंगी किंवा सैल पायजमा गुंडाळला गेला की कपड्याबरोबर कातडीही ओढली जाते. अंडकोशाची कातडी आतल्या थरांना घट्ट चिकटलेली नसते, म्हणून ती मोज्यासारखी सोलून निघते. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये थांबवलेल्या बैलगाडा शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि घाट परत गजबजले. बैलाच्या शिंगाची जखम मांडीच्या सांध्यात आणि त्याखाली होते, हे गोठ्यात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. मग भटकी कुत्री. आणि घरातली कारणं: पँटच्या चेनमध्ये अडकलेली कातडी, केस काढताना लागलेलं ब्लेड, नव्यानं लग्न झालेल्याची लिंगाच्या टोकाखालची बारीक पडदी संबंधाच्या वेळी फाटणं. या शेवटच्या जखमेनं नवरा-बायको दोघंही घाबरतात, कारण रक्त भळाभळा येतं. बहुतेक वेळा नीट दाबून धरलं की ते थांबतं.

या भागाला रक्ताचा पुरवठा भरपूर आहे. म्हणून लहानशा कापानंही कपडा भिजतो आणि माणसाचा धीर सुटतो. पण त्याच पुरवठ्यामुळे ही जखम शरीरातल्या इतर कितीतरी जखमांपेक्षा लवकर भरते. कातडी सैल आणि ताणली जाणारी असल्यानं अंडकोशाची बरीच कातडी गेली तरी उरलेली ओढून जखम बंद करता येते. त्याहून जास्त गेली तर मांडीची कातडी लावतात. तोवर वृषणं मांडीच्या कातडीखाली कप्पा करून त्यात जपून ठेवण्याची पद्धतही शल्यचिकित्सकांकडे आहे. सगळं संपलं असं वाटून खोलीत दार लावून बसलेल्या मुलाला हे आधीच माहीत असतं, तर तो कदाचित तासाभरात उठून बाहेर आला असता.

आणि ही विद्या आपल्याला नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, ताज्या जखमांच्या अध्यायात, नेमकी ही जखम आहे. अंडकोश फाटून वृषण बाहेर आलं तर काय करायचं, हे तिथं पायरीपायरीनं सांगितलं आहे. रोग्याच्या पायांवर आणि डोळ्यांवर पाणी शिंपडायचं, वृषण आत सारायचं, रफू केल्यासारखा टाका घालायचा आणि कमरेला बांधून गोफणीच्या आकाराचा पट्टा द्यायचा. राखणीच्या वेळी पाखरं उडवायला वापरतात तीच गोफण: मधे झोळी, दोन बाजूंना दोऱ्या. आज शस्त्रक्रियेनंतर आम्ही जो आधाराचा पट्टा देतो त्याचं काम तेच, भाग वर उचलून धरायचा, म्हणजे सूज उतरते. सुश्रुत आणखी एक गोष्ट बजावतो: या जखमेवर तेल-तूप सोडू नका, त्यानं ती ओलसर राहून चिघळते. लिंगाच्या पुढच्या कातडीच्या फाटण्यालाही त्यानं 'अवपाटिका' असं वेगळं नाव देऊन ठेवलं आहे. त्या काळच्या वैद्याला या जागेचं नाव घ्यायची लाज वाटली नाही. आपण मात्र हळद-तेल, तंबाखू, चुना, टूथपेस्ट, मशीनचं ग्रीस, जे हाताला लागेल ते इथं लावतो, कारण ते एकट्यानं लावता येतं आणि कुणाला सांगावं लागत नाही.

पुस्तिकेचा गाभा म्हणजे पहिल्या पंधरा मिनिटांचं प्रकरण. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण ते वाचावं. त्यातलं थोडं इथंच सांगतो.

रक्त येत असेल तर खाली बसा किंवा आडवे व्हा. स्वच्छ कपडा, गॉज मिळाला तर उत्तम, नाहीतर धुतलेला रुमाल, घडी करून नेमका जखमेवर ठेवा आणि तळहातानं दाबा. घड्याळ बघून पुरी दहा मिनिटं. मधे उचलून बघायचा मोह फार होतो. दर मिनिटाला कपडा उचलणाऱ्याचं रक्त थांबत नाही, कारण धरू लागलेली गाठ तो स्वतःच उपटत असतो. कपडा भिजला तर तो काढू नका, त्यावरच दुसरा ठेवा. रक्त थांबल्यावर कापलं वरवरचं असेल तर वाहत्या स्वच्छ पाण्यानं धुवा. स्पिरिट नको, न पातळ केलेलं जंतुनाशक नको. इथली कातडी पातळ असते, ती भाजते. मग कोरडं गॉज आणि वरून घट्ट बसणारी चड्डी, म्हणजे भाग लोंबकळत नाही.

दोरा, रबर बँड, ट्यूबची पट्टी, काहीही आवळून बांधायचं नाही. बोटावर जे एरवी लोक करतात ते इथं केलं तर पुढचा भाग रक्तावाचून मरू शकतो. दाबणं आणि आवळणं यांतला फरक समजला तरी मला ही प्रस्तावना लिहिल्याचं समाधान मिळेल.

चेनमध्ये कातडी अडकली तर हिसका देऊन चेन खाली ओढू नका. थोडं साधं तेल सोडलं की पुष्कळदा कातडी सुटते. नाही सुटली तर चेनच्या सरकत्या तुकड्याच्या पुढच्या-मागच्या पत्र्यांना जोडणारा बारीक पूल कटरनं कापतात. तो तुटला की दोन्ही पत्रे वेगळे होतात आणि दाते आपोआप उलगडतात. हात थरथरत असेल किंवा मूल रडत असेल तर पँटचा कपडा भोवतीनं कापून तसंच दवाखान्यात या.

कातडीचा किंवा अवयवाचा तुकडा सुटा झाला असेल तर तो टाकू नका. स्वच्छ पाण्यानं, मिळालं तर सलाईननं ओल्या केलेल्या कपड्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, आणि ती पिशवी बर्फाच्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बर्फ तुकड्याला थेट लागू देऊ नका. असा नीट थंड ठेवलेला भाग पुन्हा जोडता येण्याची शक्यता कितीतरी जास्त वेळ टिकते. घाबरलेले मित्र माणसाला उचलून नेतात आणि तुकडा मशीनजवळच राहतो, हे नेहमीचं आहे. म्हणून एकानं माणूस बघावा, दुसऱ्यानं जागा.

कुत्रं चावलं असेल तर आधी साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. या भागात नसांचं जाळं दाट असल्यानं इथला चावा रेबीजच्या दृष्टीनं सगळ्यात गंभीर वर्गात धरतात. नुसती लस पुरत नाही, जखमेत आणि भोवती प्रतिद्रव्याचं इंजेक्शनही द्यावं लागतं, आणि ते दिल्याशिवाय टाक्यांची घाई करत नाहीत. कुठं चावलं हे डॉक्टरला खरं सांगितलं तरच हे घडतं. 'पायाला चावलं' असं सांगून नुसती लस घेऊन जाणारा माणूस जिवाशी खेळतो.

काही खुणा दिसल्या तर घरगुती काहीही न करता निघायचं. दहा-पंधरा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नाही. जखमेच्या तळाशी पांढरट, गोलसर काही दिसतं. मूत्राच्या छिद्रातून रक्ताचा थेंब येतो, किंवा लघवीची भावना आहे पण होत नाही. अंडकोश झपाट्यानं फुगतो, काळानिळा पडतो. बाहेरची जखम लहान असूनही आत असह्य दुखतं. मूत्राच्या छिद्रातून रक्त येत असेल तर कुणालाही घाईनं नळी घालू देऊ नका. आधी मूत्रमार्गात औषध सोडून एक्स-रे काढतात आणि तो कुठं फाटला आहे का ते बघतात. वृषणाचं आवरण फाटलं असेल तर शस्त्रक्रिया जितकी लवकर, तितकं ते वाचण्याची आशा जास्त. पहिले तीन दिवस गेल्यावर ती पुष्कळ कमी होते.

निघोज्याहून जवळ चाकणचं ग्रामीण रुग्णालय आहे. मोठं काम असेल तर पिंपरीत संत तुकारामनगरचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, आणि त्यापुढं पुण्याचं ससून. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते, तिला पैसे लागत नाहीत. मारामारीत झालेली जखम असेल तर 'पोलिस केस आहे, आधी कागद आणा' असं कुणी म्हणेल. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं आहे की जखमीवर उपचार आधी, कायद्याची पूर्तता नंतर, आणि हे सरकारी व खासगी दोन्ही डॉक्टरांना लागू आहे.

जखम स्वतःच्या हातानं केलेली असेल, तर तिच्याबद्दल वेगळं बोलायला हवं. अशी माणसं येतात. त्यांना कुणी हसू नये, कुणी रागावू नये. त्यांच्या टाक्यांइतकीच त्यांच्या मनाची काळजी घेणं हा उपचाराचाच भाग आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. खोलीतल्या साथीदारांनी तो फोनमध्ये ठेवावा.

दवाखान्यात काय होतं याची भीती अनेकांना मागे ओढते. जागा बधिर करतात, त्या सुईचं दुखतं, पुढचं जवळजवळ कळत नाही. इथं बहुधा विरघळणारे टाके घालतात, ते काढायला परत यावं लागत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन देतात. लोक त्याला अजून 'टीटी' म्हणतात, हल्ली त्याजागी घटसर्पाचाही अंश असलेलं टीडी असतं. जखम मळकी किंवा खोल असेल आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षं उलटली असतील तर ते घ्यायचंच. स्वच्छ, लहान जखमेला दहा वर्षं. लहानपणीचे डोस झालेच नसतील तर तेही सांगा, कारण मग मळक्या जखमेसाठी आणखी एक इंजेक्शन लागतं.

मग तो प्रश्न येतो, जो कुणी मोठ्यानं विचारत नाही. दाराची कडी हातात धरून, निघता निघता विचारतात, "डॉक्टर, पुढं काही...?" तरुण मुलाच्या डोळ्यांत तेव्हा जे असतं ते बघवत नाही. उत्तर असं आहे: नुसती कातडी कापली असेल तर ताठरतेवर किंवा मूल होण्यावर काही परिणाम होत नाही. एक वृषण गमवावं लागलं तरी दुसरं निरोगी असेल तर मूलही होतं आणि पुरुषी संप्रेरकंही पुरतात. खोल जखमांबद्दल शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरलाच विचारायचं, पण विचारायचं. पहाटे आपोआप येणाऱ्या ताठरतेनं टाके ओढले जाऊन दुखतं, ते शरीराचं नेहमीचं वागणं आहे, घाबरू नये. जखम पूर्ण भरून डॉक्टर सांगेपर्यंत संबंध टाळायचा. मोटरसायकलही.

मधुमेह असलेल्यांना मी हात जोडून सांगतो, तुमच्यासाठी या भागातली जखम लहान नसते. १८८३ मध्ये पॅरिसच्या फूर्निए नावाच्या डॉक्टरांनी वर्णन केलेला एक सडवणारा आजार आहे, तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो. ब्लेडच्या साध्या खरचटण्यातून किंवा फोडातून सुरू होतो आणि तासातासाला पसरतो. दिसतं त्यापेक्षा फार जास्त दुखणं, ताप, कातडी काळपट होणं, दाबल्यावर आत कुरकुर लागणं, उग्र वास, यांतलं काहीही असेल तर त्याच रात्री रुग्णालय. सकाळची वाट बघायची नाही. आजही या आजारानं माणसं दगावतात.

ब्लेडचं नाव निघालं म्हणून एक सांगतो. सहा जणांच्या खोलीत एकच रेझर फिरतो, तो थांबवा. कावीळ 'ब' आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात.

पुस्तिकेत लिंग, अंडकोश, वृषण हे शब्द सरळ वापरले आहेत. हे शब्द अश्लील नाहीत. आईबहिणींवरून शिव्या सहज ऐकणाऱ्या कानांना ते जड वाटतात, इतकंच. 'खाली', 'तिथं', 'जागेवर' एवढ्या शब्दांत फोनवरून डॉक्टरला काही समजत नाही आणि तो चुकीची गोळी सांगतो. सिस्टरांसमोर कपडा उतरवायला लाज वाटते हे खरं आहे. पण ड्रेसिंगच्या खोलीत त्यांनी यापेक्षा कितीतरी वाईट जखमा धुतल्या आहेत, आणि त्यांच्या हाताखालून बरे होऊन गेलेल्यांत तुमच्यासारखे अनेक आहेत.

त्या मुलाच्या 'ताप' लिहिलेल्या अर्जाकडे परत येतो. जखम कामावर झाली होती. ईएसआयच्या विम्यात असलेल्या कामगाराला कामावरच्या अपघातानंतर, तो कामावर येऊ शकत नाही त्या काळासाठी, सरासरी मजुरीच्या नव्वद टक्के रक्कम मिळते. त्यासाठी अपघाताची नोंद लागते. 'ताप' लिहिलं की ती नोंद होत नाही. लाजेपायी त्या मुलानं हक्काची मजुरीही सोडली आणि तीन आठवडे घरी पैसे पाठवले नाहीत.

शेड चालवणाऱ्या मालकांना, सुपरवायझरांना, कंत्राटदारांना माझी विनंती आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यानं दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती हाताळणारा शिकलेला माणूस असा दंडक घातला. पेट्या भिंतीवर दिसतात. पण बहुतेक ठिकाणी ती पेटी वाटेवर, सगळ्यांच्या नजरेसमोर टांगलेली असते. बोट कापलेला माणूस तिथं उभा राहू शकतो. हा माणूस राहू शकत नाही. पेटीजवळ आडोसा करा. एक पडदा, आतून लागणारी कडी, एक खुर्ची, हात धुवायला पाणी आणि चांगला दिवा. पेटीच्या झाकणाला आतल्या बाजूनं या पुस्तिकेचं पहिलं पान चिकटवा, मराठी आणि हिंदी दोन्ही.